पिल्लाचे दुधाचे दात आणि घरोघरचे दंतवैद्यक

कुत्र्याचे पिल्लू जन्मतः बोळके असते. पाळीव प्राण्यांवरील सर्व ग्रंथांना मान्य असलेले हे विधान ज्या कुटुंबाने पिल्लू आणण्यापूर्वी वाचलेले असते, त्या कुटुंबाला पुढील दोन-तीन महिन्यांत असे वाटू लागते की ग्रंथकारांनी ते घरात पिल्लू नसताना लिहिले असावे. वस्तुस्थिती अशी की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिल्लाच्या हिरड्यांतून दुधाचे दात डोकावू लागतात. प्रथम सुळे आणि पटाशीचे दात, म्हणजे अगदी पुढचे, तुकडा तोडणारे दात येतात, त्यांच्यामागून उपदाढा, म्हणजे सुळ्यांच्या मागच्या जागेतील लहान दाढा येतात, आणि आठ-दहा आठवड्यांचे पिल्लू टॉवेलात गुंडाळून, औक्षण करून उंबरठ्याच्या आत घेतले जाते तेव्हा त्याच्या तोंडात २८ दातांचा संच जवळजवळ सज्ज असतो. त्यातले पहिले दोन-चार औक्षण करणारीच्या बोटावर उमटतात. घरातील मंडळी याला 'पापी घेतली' असे म्हणतात, आणि येथूनच या विषयाच्या अभ्यासातील मुख्य अडचण सुरू होते. कारण पिल्लाच्या दातांसंबंधीच्या प्रत्येक घटनेचा घरात जो अर्थ लावला जातो तो बहुधा खऱ्या अर्थाच्या उलट असतो. जे नैसर्गिक असते त्याने घर हादरते, आणि जे डॉक्टरांना दाखवण्याजोगे असते त्याचे कौतुक होते.

दुधाचे दात इतके अणकुचीदार का असतात, याचे कारण अभ्यासक असे देतात की पिल्लाच्या जबड्यात अद्याप जोर नसतो, आणि जोर नसलेल्या जबड्याचा चावा समोरच्याला जाणवायचा तर दातांना टोक हवेच. भावंडांच्या मस्तीत एकाने दुसऱ्याचा कान जरा जास्त धरला की दुसरे केकाटते, खेळ थांबतो आणि पहिल्याला कळते की चावण्यालाही मर्यादा असते. चाव्यावरील संयमाचे हे शिक्षण आईजवळ आणि भावंडांत निदान आठ आठवडे राहिल्याने पदरी पडते. विकणाऱ्याला मात्र घाई असल्यामुळे अनेक पिल्ले हा अभ्यासक्रम अर्धवट टाकून गिऱ्हाइकाच्या हवाली होतात, आणि उरलेले शिक्षण घरातील माणसांना भावंडांच्या जागी उभे राहून पुरे करावे लागते. पिल्लू चावले की मोठ्याने विव्हळावे, हात काढून घ्यावा आणि पाठ फिरवावी, असे पुस्तके सांगतात. हा उपाय जेथे काटेकोरपणे राबवला जातो तेथे संध्याकाळी सातच्या सुमारास बँकेतून निवृत्त झालेले आजोबा दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहून विव्हळताना आढळतात, पिल्लू त्याला नवा खेळ समजून त्यांच्या दुसऱ्या पोटरीचा समाचार घेते, आणि समोरच्या सदनिकेतील शेजारी दार वाजवून 'सगळं ठीक आहे ना?' अशी चौकशी करतात. 'ठीक आहे, आजोबा ब्रुनोला शिकवतायत,' असे उत्तर घरातून जाते, आणि त्या उत्तराने शेजाऱ्यांची काळजी वाढते.

येथे क्षणभर विनोद बाजूला ठेवून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दात लागून कातडी फाटली तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी, कारण पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात मिळते आणि त्याआधीचे पिल्लू कितीही गोड असले तरी लस न घेतलेलेच असते. ही सूचना पाळणारी घरे थोडी. जखमेवर हळद दाबून पुन्हा त्याच हाताने पिल्लाशी खेळायला बसणारी घरे फार.

काय चावावे याविषयी पिल्लाची अभिरुची उच्च असते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची, २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभलेली कोल्हापुरी चप्पल आणि तिच्याशेजारी पडलेली प्लास्टिकची पावसाळी चप्पल यांतून निवड करायची वेळ आली तर पिल्लू कधीच चुकत नाही. आणि जोडीतील एकच चप्पल फस्त करायची असा त्याचा नेम असल्यामुळे उरलेली चप्पल कोणत्याशा अस्पष्ट आशेवर वर्षानुवर्षे माळ्यावर जपली जाते. रिमोटवरील आवाज कमी करण्याचे तेवढे बटण जाते, वाढवण्याचे शाबूत राहते. आजोबांच्या चष्म्याची एक दांडी जाते आणि त्यानंतर ते वर्तमानपत्र मान तिरकी करून वाचू लागतात. लग्नाच्या अल्बममधील नेमकी सासरकडच्या पाहुण्यांची पाने कुरतडली जातात, त्यावरून घरात दोन तट पडतात, आणि 'मुक्या जनावराला काय कळतंय!' या सुनेच्या वाक्यात दुःखापेक्षा समाधान अधिक आहे असा सासूबाईंचा ठाम समज होतो. चावल्याने पिल्लाच्याच जिवावर बेतेल अशी सर्वांत घातक वस्तू म्हणजे चालू असलेली चार्जरची वायर, आणि नेमकी तीच प्रत्येक खोलीत जमिनीपर्यंत लोंबत असते, कारण मोबाइल भरलेला ठेवणे हे आधुनिक कुटुंबाचे पहिले कर्तव्य मानले जाते. खास दात शिवशिवणाऱ्या पिल्लांसाठी आणलेले रबरी खेळणे घरात असतेच. त्याच्याशी घरातील धाकटा मुलगा खेळतो.

चौथ्या महिन्याच्या आगेमागे दुसरा अध्याय सुरू होतो. हिरडीखाली कायमचा दात तयार होऊन वर सरकू लागला की त्याच्या दाबाने दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळत जाते, आधार गेलेला दात डुगडुगतो आणि एखाद्या दिवशी खाताना किंवा खेळताना गळून पडतो. पिल्लू बहुधा तो गिळून टाकते, आणि त्याने त्याला काही होत नाही. पटाशीचे दात आधी बदलतात, मग सुळे आणि उपदाढा, आणि दुधाच्या संचात मुळीच नसलेल्या मागच्या दाढा सर्वांत शेवटी येतात. अशा रीतीने सातव्या महिन्यापर्यंत २८ दातांच्या जागी ४२ दात उभे राहतात. माणसाला २० दुधाच्या दातांवरून ३२ पर्यंत पोहोचायला अर्धे शालेय आयुष्य लागते, आणि त्यानंतरही अक्कलदाढ मुक्कामाला येईलच याची खात्री नसते. कुत्रा हे सारे काम तीन-चार महिन्यांत, कोणतीही रजा न घेता उरकतो. या काळात हिरड्या सुजतात, लाळ थोडी जास्त गळते, तोंडाला गंजलेल्या लोखंडासारखा वास येतो, आणि चेंडूवर रक्ताचे एक-दोन ठिपके दिसतात.

हे ठिपके दिसताच घरात जे घडते त्याची नोंद शास्त्रीय ग्रंथांत आढळत नाही. 'रक्त!' अशी पहिली आरोळी उठते. 'कुणाचं?' असे स्वयंपाकघरातून विचारले जाते. 'ब्रुनोचं!' 'मग ठीक आहे, मला वाटलं ह्यांचं.' परंतु अर्ध्या मिनिटात वाक्याचा अर्थ ध्यानात येतो, कुकरखालचा गॅस बंद होतो, चेंडूचे छायाचित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप समूहावर जाते, त्याखाली आठ जण हात जोडल्याचे चिन्ह टाकतात, एक जण चुकून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहितो, आणि न्यू जर्सीत दंतवैद्य असलेल्या भाचीला तिच्या पहाटे तीन वाजता उठवले जाते. 'मामा, मी माणसांची डॉक्टर आहे,' असे ती झोपेत सांगते. 'अगं, पण दात तर दातच ना?' असा प्रतिप्रश्न होतो, आणि फोन पिल्लाच्या तोंडाजवळ धरला जातो. पिल्लू तो चावते. ज्याच्यामुळे हे सारे चाललेले असते त्याची शेपटी या संपूर्ण काळात हलत असते.

गळालेला दात सापडावा ही कुटुंबाची पुढची महत्त्वाकांक्षा असते. त्यासाठी सोफा सरकवला जातो, केरसुणीने गोळा झालेला केर चाळणीतून चाळला जातो, आणि आजीबाईंनी मोठ्या आनंदाने उचलून दाखवलेला दात भिंगाखाली तांदळाची कणी ठरतो. चुकून खरोखरच दात हाती लागला तर प्रश्न अधिक बिकट होतो. नातवंडांचे पडलेले दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकण्याची चाल आजीबाईंनी गावी पाहिलेली असते आणि ब्रुनो हाही नातूच असल्याचे त्यांनी वेळोवेळी जाहीर केलेले असते. परंतु सातव्या मजल्यावरील सदनिकेचे छप्पर म्हणजे आठव्या मजल्यावरील कुटुंबाची फरशी, हा गृहनिर्माण संस्थेचा मूलभूत सिद्धांत त्यांच्या आड येतो. गच्चीची किल्ली सचिवांकडे असते. 'किल्ली कशाला हवी?' असे सचिव विचारतात. 'कुत्र्याचा दात टाकायचाय,' असे उत्तर मिळाल्यावर सचिव किल्ली देत नाहीत, मात्र पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत एक विषय वाढवतात.

उपचारांच्या बाबतीत प्रत्येक पिढीचे स्वतंत्र दंतवैद्यक असते. आजीबाई हिरड्यांना हळद चोळतात, आणि पिल्लू पांढरे असेल तर ते पुढचे काही दिवस भंडाऱ्याला जाऊन आल्यासारखे दिसते, त्याच्यामागोमाग पडदे, उशांचे अभ्रे आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या पँटी पिवळ्या होतात. मधली पिढी लवंगेच्या तेलाची बाटली काढते, जी डॉक्टरांना विचारल्यावाचून पिल्लाच्या तोंडाजवळ नेऊ नये, कारण त्या तेलाने नाजूक हिरड्या भाजतात आणि ते पोटात गेले तर त्रास वाढतो. तरुण पिढी माणसांसाठी असलेली दुखणे थांबवणारी गोळी अर्धी करून द्यावी असे सुचवते, आणि या सर्व सूचनांमध्ये ही सर्वांत घातक होय. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन यांसारखी घरोघरी सापडणारी औषधे कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला किंवा रक्ताला इजा करू शकतात, आणि माणसांच्या काही टूथपेस्टमध्ये गोडव्यासाठी घातलेले झायलिटॉल कुत्र्याला थोड्या प्रमाणातही विषारी ठरते. डॉक्टर जे सांगतात ते इतके साधे असते की त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही: स्वच्छ फडके ओले करून, पिळून, बर्फाच्या कप्प्यात ठेवावे आणि गार झाले की पिल्लाला लक्ष ठेवून चघळायला द्यावे, किंवा गार केलेले गाजर द्यावे, आणि शिजवलेली हाडे किंवा दगडासारखी टणक खेळणी देऊ नयेत, कारण त्यांनी नवा दात फुटतो. 'एवढंच?' असे घर विचारते. सल्ल्याचे पैसे दिलेले असल्यामुळे निदान एक बाटली तरी लिहून मिळावी अशी अपेक्षा असते. शेवटी गाजरे आणली जातात, त्यातले एक पिल्लाला मिळते आणि उरलेल्यांचा हलवा होतो.

याच सुमारास काकांचा प्रवेश होतो. प्रत्येक कुटुंबात असे एक काका असतात ज्यांनी एके काळी गावाकडे कुत्रा पाळलेला असतो आणि तेवढ्या भांडवलावर ते पुढची चाळीस वर्षे श्वानतज्ज्ञ म्हणून वावरत असतात. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालापासून प्राण्यांचे डॉक्टर घडवत आले आहे, परंतु त्या संस्थेची गरज का पडली हे काकांना समजत नाही. 'आमच्या वाघ्याचे दात कधी पडले ते आम्हाला कळलंसुद्धा नाही,' असे ते सांगतात, आणि हे विधान शास्त्रदृष्ट्या अचूक असते, कारण बहुतेक पिल्लांच्या बाबतीत तसेच घडते. काकांचे पहिले विधान बरोबर निघते हाच या विषयातील मोठा धोका होय; त्यामुळे त्यांच्या दुसऱ्या विधानावरही विश्वास ठेवला जातो.

दुसऱ्या विधानाचा प्रसंग पाचव्या-सहाव्या महिन्यात येतो. पिल्लाच्या वरच्या जबड्यात एका जागी दोन सुळे शेजारी-शेजारी उभे असलेले कोणाच्या तरी नजरेस पडतात. हा दुधाचा न पडलेला दात होय, म्हणजे कायमचा सुळा बाहेर आला तरी ज्याचे मूळ विरघळले नाही आणि ज्याने जागा सोडली नाही असा दात. वरच्या जबड्यात नवा सुळा जुन्याच्या पुढच्या बाजूला येतो, खालच्या जबड्यात तो जुन्याच्या आतल्या अंगाला, जिभेच्या बाजूने येतो, आणि या दोघांच्या फटीत अन्न व केस अडकून किटण साचते, हिरडी सुजते. खालचा नवा सुळा तर जुन्याने वाट अडवल्यामुळे आत कलून तोंड मिटताना टाळूत रुतू लागतो, आणि दुर्लक्ष दीर्घकाळ चालले तर टाळूला भोकही पडू शकते. एका प्रकारचे दोन दात एकाच जागी एकाच वेळी असू नयेत, हा पशुदंतवैद्यकाचा साधा नियम आहे, आणि नवा दात दिसला असताना जुना जागेवर असेल तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे हा त्याचा व्यवहारातील अर्थ.

ही तक्रार लहान जातींच्या कुत्र्यांत विशेष आढळते, आणि त्यात कुत्र्याचा दोष कमी, माणसाच्या हौसेचा अधिक आहे. पॉमेरेनियनचे पूर्वज बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया प्रांताच्या बाजूचे, चांगले थोराड कुत्रे होते. १८८८ साली राणी व्हिक्टोरियाने फ्लॉरेन्सहून आणलेला मार्को नावाचा लहानसर पॉमेरेनियन लोकांच्या डोळ्यांत भरला, लहान म्हणजे उच्चभ्रू असे समीकरण रुजले, आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करत माणसाने कुत्रा मांडीत मावेल एवढा केला. मात्र असे करताना दातांचा आकडा कमी करण्याचे कोणालाही सुचले नाही. थोराड पूर्वजांच्या तोंडातील ४२ दात आता मुठीएवढ्या डोक्यात मावावेत अशी अपेक्षा असते, आणि त्यातच दुधाचे दात जागा सोडायला तयार नसतात. भारतात पॉमेरेनियन म्हणून घेतलेले कुत्रे पुष्कळदा इंडियन स्पिट्झ निघते, १९९४ सालच्या 'हम आप के हैं कौन'मधील टफीच्या जातीचे; घर त्याला निष्ठेने 'पामेरियन'च म्हणते.

आता, ज्या घराने रक्ताच्या एका ठिपक्यावर न्यू जर्सी उठवली, ते घर दुहेरी सुळे पाहून काय करते? ते पेढे वाटण्याच्या बेतात असते. 'डबल दात म्हणजे भाग्याचं लक्षण,' असे काका सांगतात, आणि हे त्यांचे दुसरे विधान. पाहुण्यांसमोर पिल्लाचा ओठ उचलून प्रदर्शन भरवले जाते. 'बघा, आमच्याकडे दोन-दोन आहेत,' असे सदनिकेविषयी बोलण्याच्या सुरात सांगितले जाते. वरच्या मजल्यावरील कुत्र्याला एकेकच सुळा असल्याची बातमी काढून आणली जाते. कोणी दबक्या आवाजात डॉक्टरांचे नाव काढलेच तर 'पडेल आपोआप, घाई कशाला?' असे उत्तर मिळते. धीर हा गुण माणसात असतोच, फक्त तो चुकीच्या महिन्यात प्रकट होतो.

आपोआप पडत नाही असे दिसल्यावर घरगुती शस्त्रक्रियेचा विचार होतो. लहानपणी स्वतःचा दात दोऱ्याने दाराच्या कडीला बांधून काढल्याची आठवण घरातील प्रत्येक पुरुषाला असते, आणि ती कथा प्रत्येक कथनात अधिक शूर होत गेलेली असते. पिल्लाच्या सुळ्याला दोरा बांधण्याचा प्रयत्न होतो, पिल्लू दोराच गिळू पाहते, आणि मग तो काढण्यासाठी तीन माणसे आणि एक बिस्किट लागते. गिळलेला दोरा आतड्यात अडकून जिवावर बेतू शकतो, आणि दुधाच्या सुळ्याचे मूळ बाहेर दिसणाऱ्या भागापेक्षा लांब, बारीक आणि बाकदार असल्यामुळे ओढाताणीत ते मोडून आतच राहते, ही दोन्ही कारणे सांगून डॉक्टर पुढे या घराची शक्य तितक्या सौम्य शब्दांत कानउघाडणी करतात.

दवाखान्यातील संवाद सर्वत्र जवळजवळ सारखाच असतो. 'भूल देऊन काढावा लागेल, आधी एक्स-रे काढू,' असे डॉक्टर सांगतात. 'भूल? एवढ्याशा दाताला?' 'दात एवढासा आहे, पण मूळ नाही.' 'पण डॉक्टर, थोडा हलवून बघितला तर?' 'तुम्ही बघितलात ना हलवून?' यावर घर निरुत्तर होते. नसबंदीची शस्त्रक्रिया त्याच सुमारास करायची असेल तर पुष्कळदा एकाच भुलेत दोन्ही कामे उरकली जातात, परंतु नवा दात टाळूत रुतत असेल तर तोवर थांबता येत नाही. फॉर्मवर सही करताना यजमानांचा हात थरथरतो. स्वतःची किडलेली दाढ ते सहा वर्षे लवंग धरून सांभाळत असतात आणि दंतवैद्याच्या पाटीवरून जाताना रस्ता ओलांडतात, हे येथे लक्षात घ्यावे. पिल्लू आत जाते, बाहेर आजीबाई जप करतात, यजमानांना चक्कर येते, आणि त्यांच्यासाठी आणलेले लिंबूसरबत अखेर दवाखान्यातील कंपाउंडरला जास्त उपयोगी पडते. संध्याकाळी पिल्लू किंचित डुलत घरी येते, मऊ भात चाटते आणि झोपते. यजमान जेवत नाहीत.

काढलेला दात डबीत घालून मागून आणला जातो, आणि काका तो पाहून 'मी सांगितलंच होतं, हा काढायला हवा,' असे म्हणतात. यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

ज्या वाचकांच्या घरी पाच-सहा महिन्यांचे पिल्लू असेल त्यांनी आज ते झोपाळलेले असताना त्याचा वरचा ओठ हलकेच उचलून पाहावा आणि मग खालचा. एका जागी दोन सुळे दिसले तर याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्यावी. एकेकच दिसला तर ओठ खाली सोडावा, आणि आपले बोट वेळेवर काढून घ्यावे.